तेरा मात्रा

"सरळ चार मात्राच वाजवायच्या असतील तर वरातीत जा," बँडप्रमुख पुष्कर ड्रमवर बसलेल्या ऊर्मीवर खेकसला. रॉक प्रोग्रेसिव्ह व्हायचं तर गाणं लांबलचक असावं, ताल तेरा मात्रांचा असावा आणि श्रोत्यांना काही कळू नये, असं त्याचं ठाम मत होतं. तिसरी अट त्याने केव्हाच पूर्ण केली होती. ऊर्मीला मात्र तेरा मात्रा जमत नव्हत्या.

"उद्या चुकलीस तर बँडमधून बाहेर!"

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या स्पर्धेत ऊर्मीच्या हातून काठी निसटली. ती उचलेपर्यंत ताल पार कोलमडला. घाबरून तिने मनाला येईल तसं बडवायला सुरुवात केली. बाकीचे तिच्यामागे फरफटत गेले.

गाणं संपलं आणि परीक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. "मधला तो थांबा, नंतरचा तो अनवट ताल! याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह. कल्पना कुणाची?"

"माझीच," पुष्कर विनयाने म्हणाला.

"वा! मग तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा."

पुष्करचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने केविलवाणेपणाने ऊर्मीकडे पाहिलं.

"वाजवते की," काठ्या सरसावत ती गोड हसली. "तू फक्त मात्रा मोजून दे."