फिरतीची गाळणी

ज्यांनी रितोवोच्या नळाचं पाणी ‘पिण्यास योग्य’ म्हणून कागदावर शिक्का मारला, त्यांनी ते कधी पेल्यात ओतून उजेडात धरलं नसणार. धरलं असतं तर लाज वाटली असती. कोऱ्या चहासारखं पिवळं पाणी. नऊ वर्षं ‘पिऊ नका’ असा फलक होता. एप्रिलात फलक उतरला, टँकर बंद झाला आणि दारोदार हा दाखल्याचा कागद चिकटला. पाणी तेच, रंग तोच. बदलला तो कागद.

देसांका हे आपल्या गळ-तंबूंच्या दुकानात येईल त्याला ऐकवायची, आणि त्याच नळाच्या पाण्यात नातवाच्या दुधाची भुकटी कालवायची. सरकारला शिव्या घालायच्या आणि सरकारी शिक्क्यापुढे मान तुकवायची, ही त्या गावाची जुनी खोड.

“आई, कपाटातली एखादी गाळणी घरात काढते,” सून नेवेना सकाळीच म्हणाली होती.

“ती डोंगरात तंबू ठोकणाऱ्यांसाठी. आपल्या नळाला शिक्का आहे. वर आपण उकळतो. अजून काय पाहिजे?”

नेवेना कपाट बंद करून आत गेली होती. तेव्हापासून देसांकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. गळ मोजायला घेतले, अर्ध्यावर सोडले. तंबूची गुंडाळी उघडली, पुन्हा बांधली.

अकराच्या सुमारास एक बाई आत आली. पंचेचाळिशीची, नीटस कोट, बुटांवर धूळ.

“पाण्याची गाळणी हवीय. फिरतीसाठी. पर्समध्ये मावेल अशी.”

“बरंच फिरता वाटतं?”

“आठवड्यातले चार दिवस बाहेरच.”

देसांकानं एक नळी पुढे केली. “ही तोंडात धरायची आणि डबक्यातून थेट ओढायचं. एक जंतू आत येणार नाही.”

“जंतूंचं काही नाही हो. पाण्यात विरघळलेलं असतं ते काढणारी हवी. आर्सेनिक वगैरे.”

“माझा नवरा लिबियात रस्ते बांधायला होता. तिथलं पाणी पिऊन पोटाचं वाटोळं करून आला. तुम्ही तिकडंच का?”

“इतकं लांब नाही.”

“म्हणजे वाईट जागा जवळपासही आहेत म्हणायच्या.”

बाई नुसती हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, “आणि चारचौघांत वापरता यायला हवी. घरोघरी जावं लागतं. यजमान पेला पुढे करतात. नको म्हटलं की त्यांना लागतं, आणि मग विचारत बसतात.”

“मग ही बाटली घ्या, विरघळलेलंही धरते. पेला आत ओता, वरून दाबा. कुणी विचारलं तर सांगा, डॉक्टरांनी दिलीय.”

“डॉक्टर चालतील.” बाईनं बाटली उलटीपालटी करून पाहिली. दाबताना आवाज होतो का ते कानाशी धरून ऐकलं.

“बाटली जवळ नसली तर उकळून प्यायचं,” देसांका म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

“उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि ते मागे राहतं. उलट वाढतंच.”

आतल्या खोलीत किटली शिट्टी घालत होती. देसांकानं मागे वळून पाहिलं.

“तुम्हाला बरंच ठाऊक आहे.”

“फिरून फिरून कळतं.”

नेवेना ताटली घेऊन आली. दुकानात टेकलेल्या माणसाला चमचाभर मोरंबा आणि पेलाभर पाणी दिल्याशिवाय रितोवोत कुणी सोडत नाही. बाईनं अलुबुखारचा मोरंबा खाल्ला, छान झालाय म्हणाली, आणि चमचा भरल्या पेल्यात ठेवला. चमचा ठेवतात तो पाणी पिऊन झाल्यावर, रिकाम्या पेल्यात. शहरातली असेल, रीत विसरली असेल, असं देसांकानं मनाला समजावलं. मन समजलं नाही.

नेवेना आत जाऊन पोराला घेऊन आली. हातात दुधाची बाटली होती. पोर हपापल्यासारखं प्यायला लागलं.

“केवढा?” बाईनं विचारलं.

“दोन महिन्यांचा.”

“वरचं दूध?”

“अंगावर येतच नाही हिला,” देसांका म्हणाली. “दिवसाला सात बाटल्या ढोसतो. आजोबांवर गेलाय, तेही पेला खाली ठेवायचे नाहीत.”

बाई दुधाच्या बाटलीकडे बघत राहिली.

“गोड आहे,” ती म्हणाली. “माझी तेवढी बांधून द्या. घाई आहे.”

“आतली कांडी दर तीन महिन्यांनी बदलावी लागते. कंपनी पोस्टानं पाठवते. या कार्डावर पत्ता लिहा. दिवसा घ्यायला कुणी असेल असा.”

“मग ऑफिसचाच लिहिते.”

तिनं भराभरा लिहिलं, कार्ड सरकवलं आणि पिशवीसाठी हात पुढे केला. देसांकानं चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

ल्युबिंका राडाक, मुख्य तपासनीस, दाखले विभाग, जिल्हा पाणी तपासणी कार्यालय.

देसांकानं पिशवी उचलली नाही. ती गल्ल्यामागून बाहेर आली, दारात आडवी उभी राहिली.

“बाटली तुमचीच आहे, बाई, घेऊन जा. पण पोराचं पुढचं दूध एक वाजता आहे. ते कोणत्या पाण्यात कालवू, तेवढं सांगा आणि मग जा.”