कावेरीची हजेरी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिल्या बाकावर कावेरीची नुसती प्रकाशाची आकृती बसली होती. खरी कावेरी आईबापांबरोबर परजिल्ह्यात, उसाच्या फडावर. ती तिथं फोनसमोर बसली की इथं आकृती बोलायची. ती नसली तर यंत्रच तिच्या आवाजात उत्तरं द्यायचं, तीही बिनचूक.

गेले चार दिवस कावेरीचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पोरीच्या हाती कोयता दिला की काय, या धास्तीनं खाडेबाईंना घास गोड लागत नव्हता.

"कावेरी, सात आठे?"

"चोपन्न, बाई! बाळाला ताप होता, त्याच्यापाशी होते. आता उतरलाय."

"चूक!" बाई डोळे पुसत हसल्या, आणि चार दिवस रिकाम्या ठेवलेल्या ओळीत त्यांनी तिची हजेरी मांडली.