दोन पाण्यांचा मका
सकाळपासून मोट अर्धीच भरून येत होती आणि अंबूबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. हिवाळ्यात तिनं धनगराला पायलीभर भात देऊन या तुकड्यात मेंढ्या बसवल्या होत्या. त्या खतावर उन्हाळी मका पुरुषभर वाढला होता. "अजून दोन पानी दिली की कनसं भरत्याल. खंडाळ्याची सायेबलोकं हातोहात घेत्यात," ती नवऱ्याला म्हणाली. रखमाजी बैलांच्या बरगड्यांवरून हात फिरवत होता. "वैरण सपली. बैल बसलं तर भाताची चिखलनी कशानं करायची?" अंबूबाईनं एक कणीस सोलून पाहिलं. दाण्यांत अजून दूधही नव्हतं. तिनं विळा उचलला आणि दुपारपर्यंत सगळा तुकडा आडवा केला. हिरव्या ताटांची पहिली पेंढी बैलांपुढं पडली. पोटभर खाऊन झाल्यावर, कुणी न हाकता, बैल विहिरीकडे वळले आणि मक्याला पाणी द्यायला मोटेशी उभे राहिले.