पाचांपैकी एक

परीक्षण, तीस वर्षांपूर्वी छापून आलेलं: "'सोल' संगीत गायला आतडं पिळवटावं लागतं. या नव्या गायिकेचा आवाज जड, घोगरा आहे आणि प्रत्येक ओळ ती पेंगत ओढते. पाचांपैकी एक तारा."

परीक्षण, आजचं: 'माझ्या संग्रहातून' या सदरासाठी तीच रेकॉर्ड काढली. निदान दुसरा तारा देता येतो का, बघावं म्हटलं. गाणं सुरू झालं तशी मुलगी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली.

"बाबा, हिला काय गुंगीचं औषध दिलंय?"

"तिचा आवाजच तसा आहे गं. मी तेव्हाच लिहिलं होतं."

तिने वाकून तबकडीच्या मधला कागद वाचला. "अहो, यावर पंचेचाळीस लिहिलंय! तुम्ही तेहतीसच्या वेगावर लावलीय, म्हणून रेंगाळतेय बिचारी."

तिने बटण सरकवलं. आणि ती गायिका खरी गायली. मुलगी हात पुसायचं विसरली.

"काय गळा आहे! बाबा, हिच्या आणखी रेकॉर्ड आहेत आपल्याकडे?"

"नाहीत. हिची दुसरी निघालीच नाही."

पुढे लिहवेना. रेकॉर्डच्या कव्हरात त्या गायिकेने तेव्हा परीक्षण वाचून पाठवलेलं पत्र तसंच होतं. उत्तर मी दिलं नव्हतं. वर लाल शाईने फक्त 'उद्धट' असा शेरा मारून ठेवला होता. पत्रात एकच ओळ होती.

"सर, तुम्ही रेकॉर्ड कुठल्या स्पीडवर लावली होती?"