धरलेलं बाक
फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या चर्चमधली सकाळी सहाची मिस्सेची प्रार्थना संपत आली, तरी कॅनडाहून आलेल्या लेकीच्या कुटुंबाचा पत्ता नव्हता. पुरिंगआजीनं पंख्याखालचं अख्खं बाक धरलं होतं: अलीकडे स्वतः, मध्ये छत्री, शाल, पलीकडे नवरा. बायका उभ्यानं घामाघूम होत होत्या. “बसू दे की त्यांना,” आजोबा कुजबुजले. “तुम्ही हलू नका. बाक जाईल म्हणून मी कम्युनियनचा प्रसाद घ्यायलासुद्धा उठले नाही. वर्षभर दोघंच बसतो इथे, भुतासारखे.” फादरनी शेवटचा आशीर्वाद दिला, तेव्हा लेक नवऱ्यामुलांना घेऊन धावत आली. “आई, झोपच लागली गं. संपली वाटतं? चला, नाश्त्याचे पुतो गार होतील.” “होऊ देत. सातची मिस्सा आहे. सरका आत.” आजोबांनी कपाळाला हात लावला. पोरांना आत सोडायला आजी उठली. ढकलाढकली करत सगळी बसली, आणि बाकावर जागा उरली नव्हती ती तिलाच.