कडूबाईचा टाका

भिवराबाईनं वाकळ अंगणात पसरायला लावली, चष्मा काढून ठेवला आणि ती गुडघ्यांवर बसली. टाका डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं बघायचा, हा तिचा खाक्या.

"कडूबाईचा हात कुठं सरला अन् तुजा कुठं लागला, ते मला कळलं, तर वाकळ मी वडवणीला नेणार. माज्या बहिणीची हाय ती. न्हाई कळलं, तर तुजी."

"बरं, मावशी," शिवकन्या म्हणाली. डावा हात तिनं पदराखाली धरला होता.

सासू कडूबाई वाकळ अर्धी टाकून वारली, मागून उंदरांनी मधला भाग कुरतडला. शिवकन्येनं तो उसवून सासूच्याच लुगड्याची ठिगळं लावली आणि उरलेली अर्धी पुरी केली. पण कडूबाई डावखुरी. तिचा टाका साऱ्या गावाच्या उलट झुकायचा. दोन्ही जावांनी चार ओळींतच हात टेकले होते.

म्हातारीचा अंगठा ओळीवरून सरकत हिरव्या ठिगळाशी थांबला. ते ठिगळ शिवकन्येनंच लावलेलं. अंगठा मागं आला, पुढं गेला आणि तसाच काठापर्यंत पोचला. भिवराबाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हार मानणं तिला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या फेरीनंतर मात्र ती मागं टेकली.

"न्हाई सापडत. समदी तिचीच लागती हाताला."

साऱ्या गल्लीला ओरडून सांगावं, असं शिवकन्येला वाटलं. ती नुसती ताठ बसली.

एक कोपरा अजून उघडा होता. वाकळ उपाशी ठेवायची नाही, म्हणून शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी घालून मगच तो शिवायचा, ही त्यांच्या घरची रीत. मान थोरल्या बाईचा. शिवकन्येनं ज्वारी आणि दोरा ओवलेली सुई मावशीपुढं धरली.

भिवराबाईनं दाणे कोपऱ्यात सोडले. सुई परत केली.

"वाकळ तुजी. टाका तूच घाल."

शिवकन्येनं आपला नेहमीचा उजवा हात पुढं केला.

"त्यो कावून?" म्हातारीनं पदराखालचा हात बाहेर ओढला. सुई ढकलून ढकलून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. भिवराबाईनं त्यांवरून सावकाश अंगठा फिरवला आणि सुई त्या हातात दिली.