डावखुऱ्याचं काय करायचं?

"हेन्सलीला सोडा. नवा पिचर आणा," हरीश म्हणाला आणि त्याने आपला तक्ता सगळ्यांच्या पडद्यावर चढवला.

जानेवारीतला रविवार होता. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या 'रायगर्स' या छोट्या बेसबॉल क्लबचे बेचाळीस सभासद आपापल्या घरी लॅपटॉपसमोर बसले होते. कोणाला ठेवायचं आणि कोणाला आणायचं, हे या क्लबात सभासदच मतदानाने ठरवत. एरवी ही भांडणं कँटीनमध्ये बिअरच्या साक्षीने व्हायची. करोनाने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली होती. खुद्द हेन्सलीही, म्हणजे क्लबाचा चेंडू टाकणारा पिचर, एका चौकटीत बसून ऐकत होता. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावरच बोलायचं, ही डच मंडळींची रीत. आपल्याकडे निदान माणूस उठून जाईपर्यंत थांबतात.

चिपच्या कारखान्यात दोष शोधणं हे हरीशचं काम. त्याने हेन्सलीचाही दोष शोधला होता. गेल्या उन्हाळ्यात हरीशची संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे एकही सामना त्याने पाहिला नव्हता. पण गुणपत्रकं सगळी होती. परगावी हेन्सली उत्तम. घरच्या मैदानावरही पाचव्या इनिंगपर्यंत उत्तम. सहावीपासून मात्र, समोरच्या संघाचा गडी बेसवर पोचला रे पोचला, की याचा चेंडू भलतीकडेच.

"चौतीस वर्षांचा झालाय. दम पुरत नाही," हरीश म्हणाला. "शिवाय घरच्या मैदानाचं दडपण येतं."

"कसलं दडपण?" म्हातारा पीट उसळला. "मैदानात चिटपाखरू नव्हतं!"

ते खरं होतं. दीड मीटरचं अंतर एवढ्याशा मैदानात पाळायचं कसं, म्हणून क्लबाने मोसमभर प्रेक्षकांना फाटकाबाहेरच ठेवलं होतं.

"तक्ता खोटं बोलत नाही," हरीश म्हणाला. पडद्यावर संमतीचे पिवळे अंगठे उगवू लागले. हरीश खुशीत आला. क्लबात येऊन चार वर्षं झाली होती, पण त्याचं म्हणणं इतक्या जणांनी ऐकून घेतलं ते आजच.

शेजारी त्याची आई, शोभाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. गेल्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या त्या इथेच अडकल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनीच्या खालीच मैदान. संध्याकाळी करायचं काय, म्हणून त्या सामने बघू लागल्या आणि ऑगस्टपर्यंत खेळ बऱ्यापैकी समजू लागला. कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरून आलेल्या हेन्सलीलाही यंदा आपल्या आईकडे जाता आलं नाही, हे हरीशने एकदा सहज सांगितलं. त्या दिवसापासून हेन्सली त्यांचा झाला.

"काय म्हणताय रे त्याला?" त्यांनी विचारलं.

हरीशने थोडक्यात तक्ता समजावला. मेथीची काडी त्यांच्या हातातच राहिली.

"फक्त इथेच? संध्याकाळीच? आणि गडी बेसवर आल्यावरच?"

"हो गं आई. आता मतदान आहे, जरा थांब."

"मतदानच थांबव."

त्या आत गेल्या आणि स्टीलची मोठी थाळी घेऊन आल्या. दिव्याखाली त्यांनी ती जराशी तिरकी धरली. झगझगीत कवडसा हरीशच्या डोळ्यांवर आला. त्याने डोळे मिटले आणि हात कपाळाला लावला.

"अस्सं," शोभाबाई हळूच म्हणाल्या. "तो टोपी पुढे ओढायचा. मला वाटायचं, नमस्कार करतोय."

हरीशला सगळं एका क्षणात उलगडलं. करोनामुळे सामन्यात ओरडायला बंदी होती, म्हणून आई थाळी वाजवायची; तिनेच ते त्याला कितीदा सांगितलं होतं. गडी बेसवर आला, हेन्सली अडचणीत सापडला, की कठड्याशी उभी राहून जोरात वाजवायची. इथे उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो; संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला, म्हणजे सहाव्या इनिंगला, बाल्कनीवर तिरपं ऊन यायचं. उजव्या हाताच्या पिचरची पाठ असायची बाल्कनीकडे. डावखुरा हेन्सली मात्र गडी बेसवर असला की चेंडू टाकण्याआधी पहिल्या बेसकडे तोंड करून उभा राहायचा, आणि त्या बेसच्या बरोबर मागे ही बाल्कनी.

"सांग त्यांना," शोभाबाई म्हणाल्या.

"आई, बेचाळीस माणसं आहेत. हसतील तुला."

"हसू देत. माझ्या थाळीपायी त्या लेकराची जागा जायला नको."

हरीशने पडद्यावरून तक्ता काढला. कॅमेरा आईकडे वळवला, तिच्या हातातली थाळी दाखवली आणि डचमध्ये सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. आठवडेच्या आठवडे खपून केलेलं काम तो स्वतःच्या तोंडाने मोडीत काढत होता. वाईट वाटायला हवं होतं. उलट आईचा इतका अभिमान त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

कोणी हसलं नाही. अध्यक्ष इनेकेबाईंनी हेन्सलीला काहीतरी विचारलं. त्याने माइक सुरू केला आणि खाली बघत दोन-तीन वाक्यं बोलला. पीटने चष्मा काढला. पडद्यावरचे अंगठे एकेक करून नाहीसे झाले.

"काय म्हणाला?" शोभाबाईंनी घाबरून विचारलं. "रागावला का रे?"

हरीश आईकडे वळला.

"तो म्हणतोय, ती चमक थाळीची आहे हे त्याला पहिल्याच सामन्यात कळलं होतं. पण सांगितलं असतं तर तू आत निघून गेली असतीस. आणि अख्ख्या मोसमात त्यांना प्रेक्षक तेवढा एकच होता."